पायथन पुन्हा इन्स्टॉल करताय? आधी या चुका टाळा

पायथनची एखादी लायब्ररी (म्हणजे तयार कोडचा संच) चालेना की बहुतेकांचा उपाय ठरलेला: अनइन्स्टॉल, रीस्टार्ट, पुन्हा इन्स्टॉल. नेमका हाच उपाय महागात पडतो, कारण जुना पायथन पुरता जात नाही आणि नवा शेजारी येऊन बसतो.

नेहमीची तक्रार घ्या. लायब्ऱ्या इन्स्टॉल करणारं टूल, म्हणजे पिप, म्हणतो 'रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड' (आधीच टाकलेलं आहे), प्रोग्राम म्हणतो 'नो मॉड्यूल नेम्ड नमपाय' (नमपाय ही आकडेमोडीची लायब्ररी सापडतच नाही). दोघंही खरं बोलतायत! नमपाय एका पायथनमध्ये गेलंय, प्रोग्राम दुसऱ्यावर चालतोय. एक पायथन अधिकृत साइटवरून घेतलेला, एक अनाकोंडा या पायथनच्या तयार संचाबरोबर आलेला, एखादा मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधला. असं सर्रास असतं.

म्हणून आधी शोधाशोध. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'व्हेअर पायथन', मॅक किंवा लिनक्सवर 'विच -ए पायथन३' (टाइप अर्थातच इंग्रजीत, छोट्या अक्षरांत). यादीत सगळ्यात वर जो असेल तोच चालतो. विंडोजवर तिथं 'विंडोजॲप्स' फोल्डर दिसला तर तो बहुधा स्टोअरवाला असतो. त्याचं नुसतं शॉर्टकट असेल तर सेटिंग्जमध्ये 'ॲप एक्झिक्युशन एलियासेस' शोधून बंद करा. मग अडलेल्या प्रोग्राममध्येच 'सिस' मॉड्यूल इम्पोर्ट करून (म्हणजे प्रोग्राममध्ये वापरायला घेऊन) 'सिस.एक्झिक्युटेबल' प्रिंट करा. जो पत्ता छापून येईल, तोच पायथन वापरून '-एम पिप इन्स्टॉल नमपाय' द्या. नुसतं 'पिप इन्स्टॉल' लिहायची सवय सोडलेली बरी. व्हीएस कोड या एडिटरमध्ये इंटरप्रिटर, म्हणजे प्रोग्राम चालवणारा पायथन, वेगळा निवडलेला असू शकतो, तोही बघा.

इन्स्टॉलचं नाव आणि इम्पोर्टचं नाव एकच असेल असं धरू नका. 'ओपनसीव्ही-पायथन' टाकायचं, पण इम्पोर्ट 'सीव्ही२'. 'पिलो' टाकायचं, इम्पोर्ट 'पीआयएल'.

स्वतःच्या फाइलला 'रँडम.पीवाय' किंवा 'नमपाय.पीवाय' नाव देणं ही तर नवशिक्यांची हमखास चूक. पायथन आधी प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये बघतो, त्यामुळे खऱ्या लायब्ररीऐवजी तुमचीच फाइल उघडतो आणि 'हॅज नो ॲट्रिब्यूट' असं काहीतरी कुरकुरतो. फाइलचं नाव बदललं की झालं.

नवीन पायथन आला त्याच आठवड्यात टाकायची घाई कशाला? काही लायब्ऱ्यांच्या तयार फाइली, म्हणजे व्हील, त्या आवृत्तीसाठी अजून आलेल्या नसतात. मग पिप सोर्समधून, म्हणजे मूळ कोडमधून, बांधायला जातो आणि विंडोजवर 'मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस १४.०' मागतो. हा कंपायलर (मूळ कोड बांधणारं टूल) डाउनलोड करत बसण्यापेक्षा एक आवृत्ती मागे राहणं सोपं. उलटंही होतं: २०२४ मध्ये नमपाय २.० आलं आणि जुन्या १.एक्स आवृत्त्यांवर बांधलेल्या काही लायब्ऱ्या इम्पोर्टलाच कोसळू लागल्या. त्या लायब्ऱ्या अपडेट करा, नाहीतर तात्पुरतं नमपाय दोनच्या खाली ठेवा.

डेबियन १२ किंवा नव्या उबुंटू या लिनक्सवर पिपकडून 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्न्मेंट' अशी एरर आली (म्हणजे हा पायथन सिस्टिमच सांभाळते), तर त्यातच सुचवलेला 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' हा पर्याय घेऊ नका. नावातच इशारा आहे. 'पायथन३ -एम व्हीएन्व्ह' नं प्रोजेक्टसाठी वेगळं एन्व्हायर्न्मेंट करा. ते फोल्डर नंतर दुसरीकडे हलवू नका, आतले पत्ते जुनेच राहतात. नव्या जागी नवं बनवा. आणि उबुंटूचा मूळचा पायथन३ काढून टाकायचा विचारही नको. सिस्टिमची कितीतरी टूल्स त्याच्यावर चालतात, त्याच्यासोबत डेस्कटॉपही जाऊ शकतो.