दिवाळीनंतर दक्षिण लाओस: बँकॉकच्या पुढे जायचं असेल तर असा करा प्लॅन

थायलंड, बाली करून झालं आणि आता जरा शांत, उबदार, हिरवं काहीतरी हवंय असं म्हणणाऱ्या सगळ्यांना मी दक्षिण लाओसच सुचवते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. आपल्या मुलांच्या उन्हाळी सुट्टीत मात्र नको, मार्च-एप्रिलमध्ये प्रचंड उकाडा असतो आणि शेतं जाळतात त्याचा धूर असतो.

जायचं कसं? मुंबई-बँकॉक फ्लाइट, तिथून रात्रीच्या ट्रेनने किंवा डोमेस्टिक फ्लाइटने थायलंडमधलंच उबोन राचाथानी शहर, मग बसने चोंग मेकची थायलंड-लाओस बॉर्डर ओलांडून पाक्से, हे दक्षिण लाओसमधलं मोठं शहर. दोन्ही देशांच्या व्हिसाचे नियम निघायच्या आधी सरकारी साइटवरच बघा, आणि लाओसचा ई-व्हिसा काढणार असाल तर तो तुमच्या बॉर्डरवर चालतो का हे आधी तपासा कारण सगळीकडे चालत नाही. पासपोर्ट फोटो आणि न फाटलेल्या, न चुरगळलेल्या डॉलरच्या नोटा जवळ असू द्या.

पाक्सेहून साधारण 40 किमीवर ‘वाट फू’ हे प्राचीन देऊळ आहे, आणि माझ्या मते अख्खी ट्रिप या एका जागेसाठी करावी. ख्मेर राजवटीतलं (अंगकोर वाट बांधणारे तेच ख्मेर) हे मूळचं शिवमंदिर, 2001 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. मागच्या डोंगराच्या माथ्यावर नैसर्गिक सुळका आहे, तो लिंगासारखा दिसतो म्हणून जुन्या काळी त्याला लिंगपर्वतच म्हणायचे. कड्यातून झरा पाझरतो, त्याचं पाणी पूर्वी दगडी पन्हळीतून थेट गाभाऱ्यातल्या लिंगावर पडायचं. आता आत बुद्ध आहे, लोक फुलं वाहतात. मागच्या खडकात ब्रह्मा-विष्णू-महेश कोरलेत, ते बरेच जण न बघताच उतरतात, तुम्ही तसं करू नका. वर जाणाऱ्या झिजलेल्या उंच पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना आपला चाफा आहे, जुनी वाकडी झाडं, आणि हाच चाफा त्यांचं राष्ट्रीय फूल आहे! इथल्या डागडुजीत आपल्या पुरातत्त्व खात्याचाही हात आहे. सकाळी लवकर जा, ऊन चढलं की पायऱ्या जीव काढतात. गुडघे आणि खांदे झाकणारे कपडे घाला.

पुढे एक दिवस बोलावेन पठार. कॉफीचे मळे, आणि ताड फानचा जोडधबधबा, 100 मीटरपेक्षा उंचावरून दोन धारा शेजारी-शेजारी दरीत पडतात. रात्री गारठा असतो, स्वेटर घ्या. आडवाटेला मात्र शिरू नका, लाओसमध्ये अजूनही व्हिएतनाम युद्धाच्या काळातले न फुटलेले बॉम्ब सापडतात, मळलेली वाट सोडायची नाही.

शेवटचे दिवस ‘सी फान दोन’ला ठेवा, म्हणजे मेकाँग नदीतली चार हजार बेटं (लाओ भाषेत ‘दोन’ म्हणजे बेट). काठावरच्या नाकासोंग गावाहून होडीने ‘दोन देत’ बेटावर, मग सायकल भाड्याने घ्या आणि फ्रेंचांच्या जुन्या रेल्वेपुलावरून शेजारच्या ‘दोन खोन’ बेटावर जा. धबधब्यांमुळे बोटी पुढे जाईनात म्हणून त्यांनी इथे चक्क रेल्वे टाकली होती. डॉल्फिनच्या आशेवर जाऊ नका, या पट्ट्यातला शेवटचा 2022 मध्ये मेला, फार वाईट वाटतं.

शाकाहारी लोकांनी ‘किन जे’ (म्हणजे शाकाहारी खातो) एवढं पाठ करा, नाहीतर भाजीतही फिश सॉस पडतो. बांबूच्या डबीतला चिकट भात मात्र जरूर खा, हातानेच, छोटा गोळा करून चटणीत बुडवायचा. आणि कॅश पाक्सेतच काढून घ्या, बेटांवर एटीएमच्या भरवशावर राहू नका.