राजीनाम्याआधी पगाराची स्लिप समोर घ्या

नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू करायचं म्हटलं की माणसं आधी नाव, लोगो आणि व्हिजिटिंग कार्डाच्या मागे लागतात. मीही लागले होते. कार्डांचे दोन खोके अजून माळ्यावर पडून आहेत. खरी तयारी करायची असेल तर गेल्या महिन्याची पगाराची स्लिप छापून घ्या आणि पेन घेऊन बसा. अंधेरी एमआयडीसीत अकरा वर्षं मी एसीच्या डक्टिंगची, म्हणजे थंड हवा नेणाऱ्या मार्गांची, ड्रॉइंग्ज काढली, आता तेच काम मुलुंडच्या घरातून एकटीने करते. स्लिपवरच्या ज्या ओळी मी कधी वाचल्याच नव्हत्या, त्या प्रत्येक ओळीमागे ऑफिसातलं कुणीतरी माझं एकेक काम न सांगता उरकत होतं. ती कामं आता आपल्याच गळ्यात पडतात.

सगळ्यात खालचा आकडा, म्हणजे हातात येणारा पगार, आधी बोटाने झाकून ठेवा. गंगाजळी पगाराच्या पटीत नको, घरखर्चाच्या पटीत मोजा. आणि खर्च आठवून लिहू नका, बँकेच्या बारा महिन्यांच्या स्टेटमेंटवरून काढा. आठवणीत फक्त किराणा आणि घराचा हप्ता असतो. जूनमधली शाळेची फी, सोसायटीचा तिमाही मेंटेनन्स, गणपतीला गावी जायचा खर्च, विम्याचा वर्षाचा हप्ता, हे सगळं स्टेटमेंटमध्येच सापडतं. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा असं जो तो सांगतो, पण ते सहा महिने मोजायचे कुठून? पहिलं काम मिळायला एक महिना, ते करायला एक, बिल पाठवल्यावर पैसे यायला दोन-तीन. पहिला रुपया दिसेपर्यंत चार-पाच महिने उलटलेले असतात. मी आठ महिन्यांचा खर्च ठेवला होता आणि जिवात जीव आला तो सातव्या महिन्यात.

कारण वसुली. गळ्यात पडणाऱ्या कामांच्या यादीतलं सगळ्यात मोठं कलम हेच, आणि ते स्लिपवर कुठेच छापलेलं नसतं. माझं पहिलं बिल ६४,००० रुपयांचं होतं. ड्रॉइंग्ज वेळेत गेली, साइटवर डक्ट चढलेसुद्धा. मग दर सोमवारी अकराच्या सुमारास माझा फोन आणि पलीकडून त्यांच्या अकाउंट्समधल्या बाई: "मॅडम, चेक सहीला गेलाय." पुढच्या सोमवारी, "साहेब साइटवर आहेत." त्याच्या पुढच्या सोमवारी, "तुमची वर्क ऑर्डर सापडत नाहीये, परत मेल करता का?" वर्क ऑर्डर कधी निघालीच नव्हती, सगळं तोंडी ठरलं होतं. पाच महिने लागले. तेव्हा कामाला हात लावण्याआधी ईमेलवर तरी लिहून घ्या: काय देणार, किती वेळा बदल करून देणार, पैसे किती आणि कधी. बदलांचा आकडा तर लिहाच, नाहीतर 'जरा एवढं हलवून द्या' म्हणत सातवं रिव्हिजन फुकटात होतं. तीस टक्के आगाऊ मागायला सुरुवातीला जीभ अडखळते. मागा. जो आगाऊ देताना कुरकुरतो, तो शेवटचं बिल देताना काय करेल याचा अंदाज तिथेच येतो.

याच कलमाला जोडून उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करा. १ जुलै २०२० पासून ती ऑनलाइन आहे, आधार आणि पॅनवर होते आणि एक पैसा लागत नाही. हजार-दोन हजार मागणारे एजंट भेटतील, त्यांना हात जोडा. तो नंबर बिलावर छापला की आपण सूक्ष्म उद्योग ठरतो आणि गिऱ्हाइकाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे देणं कायद्याने भाग पडतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज लागतं. व्याज मी कधी मागितलेलं नाही, मागितलं तर पुढचं काम जातं. पण २०२३-२४ च्या आर्थिक वर्षापासून अशी मुदत उलटलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय गिऱ्हाइकाला खर्चात दाखवता येत नाही. त्यामुळे मार्च जवळ आला की त्यांचा सीए स्वतःच माझं बिल शोधायला लागतो.

आता स्लिपवर या. मेडिक्लेमची कपात दिसते ना? ते कव्हर नोकरीबरोबर संपतं. राजीनामा द्यायच्या आधी त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीसाठी अर्ज करा, म्हणजे ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत घालवलेली वर्षं प्रतीक्षाकाळात, म्हणजे कव्हर मिळण्याआधी थांबायच्या मुदतीत, धरली जातात. कोरी पॉलिसी घेतली तर पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही आणि आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. सासूबाईंचं नाव ऑफिसच्या पॉलिसीत होतं, त्यांना मधुमेह. नव्या पॉलिसीचा हप्ता ऐकून आम्ही दोघं एक संध्याकाळ काही बोललो नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झालाय, तेवढाच काय तो दिलासा. शिवाय पीएफच्या खात्याला जोडून कमाल सात लाखांचा जीवन विमा असतो, तोही नोकरी सुटली की जातो. टर्म इन्शुरन्स नसेल तर तो पगार चालू असतानाच काढा.

पीएफ काढायची घाई करू नका. पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागतो आणि पेन्शनसाठी दहा वर्षांची नोकरी भरावी लागते. मालकाने पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख टाकली का ते बघा. नसेल टाकली तर दोन महिन्यांनी स्वतः टाकता येते. ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं लागतात, तेव्हा दोन-तीन महिने कमी पडत असतील तर तेवढे काढाच. हिशोब साधा आहे: मूळ पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. चाळीस हजार मूळ पगार आणि नऊ वर्षं धरली तर दोन लाखांच्या वर जाते. एवढ्यात माझं घर तीन महिने चालतं.

प्रोफेशन टॅक्सचे दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जायचे, आठवतंय? तेच वर्षाचे २,५०० आता स्वतःची नोंदणी करून ३० जूनच्या आत भरायचे. गिऱ्हाईक फीमधून दहा टक्के टीडीएस, म्हणजे आपला कर आधीच, कापतं, ते तो पुढे सरकारकडे भरतं की नाही हे दर तीन महिन्यांनी इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर तपासा. इंजिनिअर, आर्किटेक्ट, वकील, डॉक्टर अशा ठरावीक व्यवसायांना जमा रकमेचा निम्मा भाग नफा धरून कर भरायची सोय आहे. तिची मर्यादा ५० लाख, रोखीचा व्यवहार पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. ही सोय घेतली की अ‍ॅडव्हान्स टॅक्स चार हप्त्यांऐवजी एकदाच, १५ मार्चपर्यंत. सेवा देणाऱ्याला जीएसटी वर्षाला २० लाखांची उलाढाल झाल्यावर सक्तीचा आहे. बिलावर नंबर भारदस्त दिसतो म्हणून आधीच घेऊ नका, शून्य उलाढालीचं रिटर्नसुद्धा भरावं लागतं. गुमास्त्याचा, म्हणजे दुकान-ऑफिसच्या परवान्याचा, बाऊ नको: एकट्या माणसाला परवाना लागत नाही, ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. बँकेत कामाचं खातं मात्र वेगळं उघडा.

एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती म्हणजे सिमकार्ड. माझा नंबर कंपनीचा होता. बँक, आधार, पीएफ, गॅस, सगळ्यांचे ओटीपी त्यावर. तो परत करण्याआधी महिनाभर एकेक ठिकाणी नंबर बदलत बसले, आधारसाठी तर केंद्रावर जाऊन रांग लावली. लॅपटॉपही कंपनीचा, आणि ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचं लायसन्सही. त्याची वर्षाची किंमत आधी विचारून ठेवा आणि दर ठरवताना धरा. जुनी ड्रॉइंग्ज पेनड्राइव्हवर घेऊन बाहेर पडू नका, ती कंपनीची आहेत. 'दोन वर्षं याच धंद्यात काम करणार नाही' या अटीला मात्र फार घाबरायचं कारण नाही. नोकरी सुटल्यानंतरचं असं बंधन १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही. गोपनीयतेची अट टिकते, ती पाळा.

घराचंही ठरवा. वन बीएचकेत डायनिंग टेबल हेच माझं ऑफिस, क्लायंटला कुकरच्या शिट्ट्या पाठ झाल्यात. घरी असलेली बाई म्हणजे मोकळी बाई, त्यामुळे मजल्यावरच्या तिन्ही घरांची कुरिअर माझ्याकडे. सासूबाई नातेवाइकांना अजून सांगतात, "सध्या घरीच असते." घाटकोपरला मेट्रो बदलायची कटकट गेली, पण मीटिंगा आल्या. आता सेंट्रलवरचे क्लायंट मंगळवारी, वेस्टर्नवरचे गुरुवारी. एका दिवसात ठाणे आणि लोअर परळ दोन्ही घेतलं की ड्रॉइंगला हात लागत नाही.

घरासाठी कर्ज किंवा क्रेडिट कार्ड हवं असेल तर ते पगार चालू असतानाच मागा, नंतर बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न मागते. रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचं पत्र आणि बारा महिन्यांच्या स्लिपा शेवटच्या दिवशीच्या निरोपाच्या केकआधी डाउनलोड करून घ्या. माझं लॉगिन संध्याकाळी सहाच्या ठोक्याला बंद झालं. शेवटच्या दोन स्लिपा राहिल्या त्या राहिल्याच, आणि पुढे घराच्या कर्जावर टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज, घ्यायच्या वेळी बँकेने नेमक्या त्याच मागितल्या.