रीफ टँकला ऑटो टॉप-ऑफ घेण्याआधी

रीफ टँक म्हणजे प्रवाळांचं खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय, आणि ऑटो टॉप-ऑफ म्हणजे पाणी उडून पातळी उतरली की सेन्सरने ते ओळखून शेजारच्या टाकीतून पंपाने भर घालणारं यंत्र. कोणता घ्यावा हे ठरवण्याआधी तुमच्या टँकमधलं पाणी दिवसाला किती उडतं ते मोजा. सम्प (टँकखालची जोडटाकी, जिथून रिटर्न पंप पाणी परत वर पाठवतो) असेल तर उडालेल्या पाण्याचा फरक फक्त रिटर्न पंपाच्या कप्प्यात दिसतो, वरच्या टँकची पातळी तशीच राहते. त्या कप्प्यावर पातळीला चिकटपट्टी लावा, लाइट-पंखे नेहमीसारखे चालू ठेवा आणि २४ तासांनी पातळी पट्टीला टेकेपर्यंत मापाने पाणी घाला. घातलं तेवढं उडालं. कोरड्या हवेत हा आकडा वाढतो, तेव्हा थोडा चढाच धरा. सेन्सरची जागाही हाच कप्पा.

उडतं ते पाणी, मीठ मागे राहतं. म्हणून भर गोड्या पाण्याची, तीही शून्य टीडीएसच्या (विरघळलेले क्षार नसलेल्या) आरओ-डीआय फिल्टरच्या पाण्याची. त्यासाठी झाकणाची, फूड-ग्रेड टाकी बघून ठेवा.

टाकी केवढी घ्यायची, इथे मात्र घाई नको. मोठी टाकी म्हणजे भरायची कटकट कमी, हे खरं. पण सेन्सर अडकला तर ती सगळी टँकमध्ये रिकामी होणार. २०० लिटर पाणी ३५ पीपीटीला (हजार भागांत ३५ भाग मीठ) आहे आणि त्यात २० लिटर गोडं पाणी गेलं, तर सॅलिनिटी (खारेपणा) ३२च्या जरा खाली येते. प्रवाळांना ते सोसू शकतं. तेच ६० लिटर गेलं तर ती २७वर येते, आणि तिथे जीव जातात. सम्पमध्ये तेवढी रिकामी जागा आहे का, हेही बघा; वीज गेल्यावर वरून उतरणारं पाणीही तिथेच मावायचं असतं. टॉप-ऑफ थेट आरओच्या लाइनला जोडू नका, त्या लाइनचं पाणी टाकीसारखं संपतच नाही.

आता यंत्र. फ्लोट स्विच (पाण्याबरोबर वर-खाली होणारा तरंगता सेन्सर) साधा आणि समजायला सोपा. पण त्यावर मिठाचे थर चढतात, गोगलगाय चढून बसते. ऑप्टिकल (प्रकाशाने पातळी ओळखणाऱ्या) सेन्सरला हलणारा भाग नाही, मात्र काचेवर शेवाळ किंवा बुडबुडे बसले की तो फसतो. मला विचाराल तर सेन्सरच्या प्रकारावर फार डोकं घालू नका. दोन गोष्टींवर अडून बसा: पातळी जास्त झाली तर पंप बंद करणारा दुसरा, स्वतंत्र सेन्सर, आणि ठरावीक वेळेपेक्षा जास्त चालला तर पंप आपोआप बंद करणारा टायमर. यातली एक जरी नसेल तरी ते मॉडेल सोडून द्या, किंमत कितीही चांगली असो.

नळीचं तोंड सम्पच्या पाण्यात बुडवायचं नाही, पातळीच्या वर हवेत ठेवायचं. टाकीतल्या पाण्याची पातळी त्या तोंडापेक्षा उंच असेल तर पंप थांबल्यावरही सायफनने पाणी येत राहतं आणि एकही सेन्सर ते थांबवू शकत नाही. चेक व्हॉल्व्ह इथे कामाचा नाही, तो फक्त उलटा प्रवाह अडवतो. टाकी सम्पच्या खाली ठेवणं सगळ्यात उत्तम. मग पंप तेवढी उंची चढवू शकतो ना, ते तपासा.

पाणी बदलताना टॉप-ऑफचा प्लग काढायची सवय आत्तापासूनच लावा. स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र) उतू जाऊन खारं पाणी बाहेर गेलं, तर टॉप-ऑफला ते उडालेलंच वाटतं आणि तो गोडं पाणी भरत बसतो. म्हणून रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं साधन) ३५ पीपीटीच्या द्रावणावर कॅलिब्रेट करून हाताशी ठेवा आणि सुरुवातीला रोज वाचन घ्या. टॉप-ऑफच्या पाण्यात काल्कवासर (चुना) घालायचा बेत असेल तर तो काही आठवडे पुढे ढकला. त्याचा पीएच १२च्या वर असतो, चुकून जास्त गेलं तर सावरायला वेळ मिळत नाही.

बसवल्यावर लगेच फ्लोट बोटाने उचलून पंप थांबतो का पाहा, मग दुसरा सेन्सरही असाच तपासा. सेन्सर दर महिन्याला काढून व्हिनेगरमध्ये बुडवून साफ करायचा आहे, तेव्हा हात सहज पोचेल अशाच जागी तो लावा.