मेडिकल बिलिंगमधील सहकाऱ्याच्या गैरप्रकाराची तक्रार कशी करावी

पुण्यात किंवा नवी मुंबईत बसून अमेरिकी डॉक्टरांचे क्लेम (विम्याकडे पाठवायची बिले) हाताळणाऱ्यांना ‘आधी भरपूर पुरावा जमवा, मग तोंड उघडा’ असा सल्ला हमखास मिळतो. या सल्ल्यापायी प्रामाणिक तक्रारदारच अडचणीत आलेले मी पाहिले आहेत, म्हणून हे लिहीत आहे.

चूक आणि गैरप्रकार यांतला फरक आधी ठरवून घ्यावा. एखादा कोड (सेवेचा ठरावीक क्रमांक) चुकला तर ते क्वालिटी टीमला कळवणे पुरेसे असते. मात्र वेळेच्या आधारे नोंदलेली २० मिनिटांची भेट, जी ९९२१३ या कोडमध्ये बसते, ती वारंवार किमान ३० मिनिटांच्या, जास्त पैशांच्या ९९२१४ या कोडने पाठवली जात असेल, किंवा डिनायल आलेल्या (विम्याने नाकारलेल्या) क्लेमला चार्टमध्ये (रुग्णाच्या वैद्यकीय नोंदीत) आधार नसताना मॉडिफायर ५९ (प्रक्रिया वेगळी होती असे सांगणारी खूण) लावून तो परत पाठवला जात असेल, तर तक्रार करावीच.

पुराव्याची पायरी सर्वांत अवघड. सुरुवातीला मलाही ती फार जड गेली. स्क्रीनचा फोटो मोबाइलवर काढू नका, क्लेमची यादी स्वतःच्या ईमेलवर पाठवू नका आणि तुमच्याकडे न सोपवलेली खाती केवळ सहकाऱ्याचे काम तपासण्यासाठी उघडू नका. रुग्णाची माहिती १९९६ च्या हिपा या अमेरिकी कायद्याने संरक्षित आहे. ती अशी बाहेर गेली, की सहकाऱ्याच्या आधी तुमचीच चौकशी सुरू होते. कोणते खाते कोणी, कधी उघडले आणि कोड कोणत्या लॉगिनवरून बदलला, याची नोंद सॉफ्टवेअरमध्ये राहते. त्यामुळे पुरावा साठवणे हे तुमचे काम नाही. चौकशी करणाऱ्यांना नेमकी जागा दाखवणे एवढेच तुमचे काम आहे.

कामाच्या ओघात समोर आलेल्या क्लेमपुरतेच, आणि कंपनीच्याच प्रणालीत लिहावे: अंतर्गत खाते क्रमांक, सेवेची तारीख, पाठवलेला कोड आणि चार्टमधील नोंद. ‘चार्टमध्ये एकाच जागेवरची एकच प्रक्रिया आहे, क्लेमवर दोन कोड आणि ५९ आहे,’ एवढे वाक्य पुरते. ‘तो इन्सेन्टिव्हसाठी मुद्दाम करतो,’ हे कितीही खरे वाटले तरी लिहू नये. हेतू तुम्ही पाहिलेला नसतो, आणि न टिकणारा एक आरोप बाकीच्या भक्कम नोंदींवरचा विश्वासही घालवतो.

तक्रार कंप्लायन्स ऑफिसरकडे (नियमपालन पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे) किंवा कंपनीच्या हॉटलाइनवर करावी. ज्या टीम लीडचे टार्गेट त्याच क्लेमवर पूर्ण होते, त्याच्याकडे ती नेण्याचा आग्रह मला मान्य नाही. तक्रारीचा क्रमांक घ्यावा, सहकाऱ्याला जाब विचारू नये आणि कॅन्टीनमध्ये विषय काढू नये.

गप्प राहणे हा सुरक्षित मार्ग नव्हे. सरकारकडे खोटे क्लेम करण्याविरुद्धच्या अमेरिकी फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्टनुसार जाणूनबुजून केलेली डोळेझाकही ‘माहीत असणे’ यातच मोडते, आणि मेडिकेअर या अमेरिकी सरकारी आरोग्य विम्याकडून जादा आलेली रक्कम निश्चित झाल्यावर ती परत करण्यासाठी २०१० च्या कायद्याने ६० दिवसांची मुदत घातली आहे.

कंपनीने काहीच केले नाही, तर अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाची हॉटलाइन आहे. त्याआधी अमेरिकी कायदा जाणणारा वकील गाठावा, कारण प्रामाणिक तक्रारदाराला हिपाने दिलेली सवलत देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेला किंवा स्वतःच्या वकिलाला माहिती देण्यापुरती आहे. पत्रकार किंवा समाजमाध्यमे तिच्यात येत नाहीत.