देशोदेशीच्या कारभाराची तुलना करताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली आमची मुले स्पर्धा परीक्षेच्या निबंधात 'भ्रष्टाचारात भारताचा क्रमांक घसरला' असे लिहितात आणि त्या एका ओळीवर पुढचा सगळा युक्तिवाद उभा करतात. ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या भ्रष्टाचार धारणा निर्देशांकात (यात गुण जितके जास्त, तितका भ्रष्टाचार कमी मानला जातो) भारत २०२३ मध्ये ९३ वा होता आणि २०२४ मध्ये ९६ वा झाला हे खरेच आहे. पण गुण १०० पैकी ३९ वरून ३८ झाले, म्हणजे फरक एकाच गुणाचा. त्यामुळे क्रमांकाआधी गुण पाहावेत. २०१२ मध्ये या निर्देशांकाची पद्धत बदलली असल्याने त्याआधीचे गुण आजच्या गुणांशेजारी मांडू नयेत.

जागतिक बँकेचे सुशासन निर्देशक १९९६ पासूनचे आहेत. लोकांचा आवाज व उत्तरदायित्व, राजकीय स्थैर्य, शासनाची परिणामकारकता, नियमनाची गुणवत्ता, कायद्याचे राज्य आणि भ्रष्टाचारावरील नियंत्रण अशा सहा बाजू त्यांत वेगवेगळ्या मोजल्या जातात. त्यांची सरासरी काढून एकच आकडा बनवला, की नेमकी कोणती बाजू लंगडी आहे हेच झाकले जाते. शिवाय प्रत्येक अंदाजासोबत त्रुटीची मर्यादा, म्हणजे खरा आकडा किती वर-खाली असू शकतो हे, छापलेली असते. दोन देशांच्या मर्यादा एकमेकींत बऱ्याच मिसळत असतील, तर एकाला वरचढ ठरवण्याची घाई करू नये.

मला सर्वांत जास्त खटकते ती चूक वेगळीच आहे, ती म्हणजे देशाचा आकडा आपल्या तालुक्याला लावणे. हे निर्देशक बव्हंशी तज्ज्ञ, उद्योजक आणि नागरिक यांच्या मतांवर बेतलेले असून ते संपूर्ण देशाविषयी बोलतात. सीमाभागातल्या एका गावात एका काकांनी जमिनीचा उतारा माझ्यासमोर उलगडला. सर्व्हे नंबर आणि एकर-गुंठे त्यांनी आकड्यांवरून बरोबर ओळखले, पण बोजाची, म्हणजे जमिनीवरील कर्जाची, नोंद कन्नडमध्ये असल्याने ती वाचायला शेजारच्या मुलाला हाक मारावी लागली. कर्नाटकाच्या २०११ च्या सेवा हमी कायद्याने, म्हणजे 'सकाल' योजनेने, अनेक सेवांना मुदत ठरवून दिली आहे आणि ती मोलाचीच आहे. मात्र कागद वेळेत मिळाला का, याची नोंद तिथे होते, तो घेणाऱ्याला वाचता आला का, याची होत नाही. म्हणून आपल्या भागाविषयी लिहायचे असेल, तर जागतिक क्रमांक बाजूला ठेवून कोणती सेवा, किती दिवसांत आणि कोणत्या भाषेत मिळाली, हे गावागावांतून विचारून आणावे.