पाड्यावरचे सोलर दिवे: या चुका टाळा

घरात दिवे लागले, फोटो निघाले, संस्था निघून गेली. पुढच्या श्रावणात तेच घर पुन्हा चिमणीच्या उजेडात. सातपुड्यातल्या पाड्यांवर हे वारंवार घडतं. बोल लागतो पॅनेलला. मरते मात्र बॅटरी.

सगळ्यात महागाची चूक म्हणजे चार्ज कंट्रोलर वगळणं, म्हणजे बॅटरी फार भरू नये आणि फार रिकामी होऊ नये हे सांभाळणारी डबी वगळणं. ५ वॅटचे तीन एलईडी पाच तास आणि चार मोबाईल, एवढ्याला रोज साधारण ११५ वॅट-तास लागतात. ४० वॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात जेमतेम १२५ देतं. मग कुणीतरी ३० वॅटचा टीव्ही आणतं. चार तास चालला की आणखी १२० वॅट-तास गेले. १२ व्होल्टची शिसे-आम्लाची बॅटरी ११ व्होल्टच्या आसपास आली की कंट्रोलर दिवे तोडतो, लाल दिवा लागतो. घरच्यांना वाटतं, डबीच बिघडली. गावातला हुशार पोरगा वायर थेट बॅटरीला जोडतो आणि दिवे लागतात! पण बॅटरी आता १० व्होल्टच्या खाली जाते, पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे रिकामी राहते, प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि ती पुन्हा नीट भरत नाही. पॅनेलही थेट जोडलं असेल, तर ऊन पडताच ती १४.४ व्होल्टच्या पुढे जाऊन उकळते, पाणी आटतं. पाच वर्षं टिकणारी बॅटरी एका पावसाळ्यात भंगारात.

त्या पोराला रागावून काही होत नाही. लाल दिव्याचा अर्थ बसवण्याच्या दिवशीच घरातल्या बाईला दाखवा, कारण संध्याकाळी दिवा तीच लावते. टीव्ही येणारच, हे धरून पॅनेल ७५ वॅटचं आणि बॅटरीही त्या मानाने मोठी घ्या. ‘आत्ता भागतंय, पुढचं पुढे’ म्हणणाऱ्यांनी हे काम हाती घेऊ नये.

बॅटरीत विहिरीचं पाणी कधीच नको. डिस्टिल्ड वॉटरच, तेही प्लेटा बुडतील एवढंच.

पॅनेल दक्षिणेला, २० ते २५ अंशांवर. सागाच्या एका फांदीची सावली निम्मी वीज खाते. जूनमध्ये पानं फुटल्यावर पुन्हा जाऊन बघा.

वायर बारीक नको. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत दहा मीटरवर, ३ अँपिअरला एक व्होल्ट वाटेतच जातो. २.५ ची वापरा.

जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल, शेवटी दिवे. बॅटरीच्या प्लस टोकाजवळ १० अँपिअरचा फ्यूज हवाच. तो उडाला की लोक तिथे तांब्याची तार गुंडाळतात, म्हणून जादा पाच फ्यूज त्याच घरात ठेवून या. आणि बॅटरीच्या किमतीचा अठ्ठेचाळिसावा भाग दरमहा बचत गटात जमा करायला घरच्यांना पहिल्या महिन्यापासूनच लावा, म्हणजे चार वर्षांत नव्या बॅटरीचे पैसे तयार.