औषध बरोबर होतं, झाकण चुकलं

इंटर्नशिपमध्ये रूट कॅनॉल चालू असलेल्या एका खालच्या दाढेत मी कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरलं, म्हणजे दोन भेटींच्या मध्ये आत ठेवायची जंतुनाशक पेस्ट. पेशंट तीन आठवड्यांनी उगवला. दाढ उघडली तर पेस्ट जवळजवळ वाहून गेलेली, कापसाचा बोळा लाळेने चिंब, आणि मास्कमधूनही जाणवावा असा वास. मॅडमनी विचारलं, "औषध कुठलं भरलं होतंस?" औषध बरोबरच होतं. चूक त्याच्यावरच्या झाकणात होती.

पीएच साधारण 12.5, निदान 7 दिवस ठेवायचं, हे तुम्हाला पाठ असणार. मलाही होतं. पण मी चेंबरमध्ये, म्हणजे दाताच्या आतल्या पोकळीत, गुबगुबीत बोळा कोंबला आणि उरलेल्या फटीत टेम्पररी (तात्पुरतं फिलिंग) थापली. जेमतेम दीड मिलिमीटर. ती किमान साडेतीन-चार मिलिमीटर लागते. म्हणजे बोळा मुळांतल्या कॅनॉलची तोंडं झाकण्यापुरता, चपटा हवा. एक धागा जरी भिंतीला चिकटून वर आला तरी तो दिव्याच्या वातीसारखा लाळ आत ओढतो. पेरिओ प्रोबने (खुणा असलेल्या बारीक सळईने) खोली मोजा. खरंच मोजा, "दिसतंय की पुरेसं" म्हणू नका. चावताना टेम्पररी उंच लागत असेल तर ती तडकणार. भिंतीत जुनं गळकं फिलिंग किंवा कीड ठेवली असेल तर वरून कितीही छान बंद करा, उपयोग शून्य. पेशंट वेळेवर येईल याची खात्री नसेल तर वर ग्लास आयोनोमर सिमेंटचा थर द्या.

कॅनॉल घासून आकार देण्याबद्दल "शेपिंग जरा कमी झालं तरी चालेल, औषध बघून घेईल" म्हणणारे सीनियर भेटतील. त्यांचं ऐकू नका. एन्टरोकोकस फीकॅलिस हा चिवट जंतू साधारण 11 पर्यंतच्या पीएचला तग धरतो, आणि डेंटिन (दाताचा आतला कठीण थर) स्वतःच पेस्टचा पीएच खाली खेचतं. जंतू कमी होतात ते मुख्यतः फाइलने घासून आणि हायपोक्लोराइटने धुऊन, तेही लाळ दूर ठेवणारा रबर डॅम लावून. पेस्ट त्यानंतरची राखण करते. क्लोरहेक्सिडीन हे दुसरं जंतुनाशक वापरायचंच असेल तर आधीचं हायपोक्लोराइट सलाइनने धुऊन पेपर पॉइंटने (कागदी वातीने) टिपा, नाहीतर आत तपकिरी साका बसतो. पुढच्या दातांत मिनोसायक्लीनवाली तिहेरी अँटिबायोटिक पेस्ट भरताना दहादा विचार करा, दात काळवंडतो.

पेस्ट अपेक्सपर्यंत, म्हणजे मुळाच्या टोकापर्यंत, गेली का, हे एक्स-रेवर कळतं: साधी पेस्ट नीट भरली की कॅनॉलची काळी रेघ जवळपास दिसेनाशी होते. पहिल्या काही केसेसमध्ये पेस्ट मध्येच तुटलेली दिसेल. घाबरू नका, लेन्टुलोला (पेस्ट आत नेणाऱ्या फिरत्या तारेला) हात बसायला वेळ लागतो. पुन्हा भरा. ड्रेसिंगनंतर ठणका लागला म्हणून रात्रभर जागूही नका. नीट केलेल्या केसमध्येही कधीकधी होतो.

ती दाढ मी पुन्हा धुतली, भरली, प्रोबने मोजून बंद केली. दहाव्या दिवशी बोळा कोरडा निघाला. तरी मी तो दोनदा हुंगला.